टाकी भरलेली, दिवा लाल

मित्रांनो, घरातल्या वस्तू आपली गोष्ट सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारलेले नाही. पण मी पडलो एक जुने एस्प्रेसो यंत्र, आणि आतला दाब फार वेळ आत ठेवणे आमच्या कुळाला जमत नाही. तेव्हा ऐका.

ज्यांनी मला पाहिले नसेल त्यांच्यासाठी आधी माझी ओळख. माझ्या पोटात पितळेचा एक छोटा बंब आहे. पाठीमागे पाण्याची टाकी आहे आणि टाकीतले पाणी ओढणारा पंप आहे. पुढे माझे तोंड. दांडा असलेल्या चाळणीत बारीक दळलेली कॉफी दाबून भरायची, ती चाळणी माझ्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायची आणि कळ दाबायची. मग पंप गरम पाणी जोराने कॉफीतून ढकलतो आणि खाली कपात काळीभोर, दाट धार पडते. बाजूला वाफेची नळी आहे, ती दूध तापवते. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण माझ्या तोंडाचे कामच असे आहे की त्यातून जे येते त्याची लोक स्तुती करतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापणारे, पितळ वाकवणारे, तारा जोडणारे असे सगळे तिथे एका लांब टेबलापाशी बसत. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायची. ती प्रत्येक यंत्राचा पंप चालू करून कान लावायची आणि आवाज पसंत पडला तरच त्याला खोक्यात घालायची. माझा आवाज ऐकून तिने मान डोलावली आणि पुढच्याला जवळ ओढले. बस, एवढेच. पण पहिले कौतुक माणूस विसरत नाही, तसे यंत्रही विसरत नाही.

मी पहिल्यांदा गेलो ते एका नव्या जोडप्याच्या घरी, लग्नाचा आहेर म्हणून. नव्याचे नऊ दिवस त्यांनी माझे असे कोडकौतुक केले की विचारू नका. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझी वाफ दाखवली जायची. पण वाफेची नळी दुधातून काढल्यावर लगेच ओल्या फडक्याने पुसायची असते, ही गोष्ट दोघांपैकी एकानेही मनावर घेतली नाही. दूध नळीवर वाळले, मग करपले, मग नळीचे भोकच बुजले. वाफ येईना, तसा त्यांचा उत्साहही येईना. माझ्या डोक्यावर आधी वर्तमानपत्रे आली, मग चार्जर, मग एक कुंडी. त्या कुंडीला पाणी घातले जायचे तेव्हा चार थेंब माझ्याही वाट्याला यायचे.

पुढे त्यांनी घर बदलले. सामान हलवताना मी कोणत्याच खोक्यात बसेना. त्यांच्या इमारतीखाली चष्म्याचे दुकान होते. नवऱ्याने मला उचलून तिथल्या काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "बघा, कोणाला हवं असेल तर. नाहीतर टाकूनच द्यायचं होतं."

चष्मेवाल्याने मला स्वतःच्याच घरी नेले. मित्रांनो, माझे खरे आयुष्य इथून सुरू होते.

चष्मेवाल्याच्या घरी त्याची आत्या राहते. आत्या तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे काही बोलतील ते ऐकून जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, हे तिचे काम. त्यामुळे कोण काय म्हणाले आणि नेमके कोणत्या शब्दांत म्हणाले, हे ती कधी विसरत नाही. घरातल्यांना याचा थोडा त्रासच होतो. निवृत्त झाल्यावर तिच्या डोळ्यांनी हळूहळू तिची साथ सोडली. मी आलो तेव्हा तिला फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. पण ती कुढणाऱ्यांपैकी नव्हती. घरी कोणी आले की भाच्याकडे बोट करून सांगायची, "याने अख्ख्या गल्लीला चष्मे लावले. माझी पाळी आली तेव्हा कॉफीचं यंत्र घेऊन आला."

घरात तिसरी आहे ती सूनबाई, म्हणजे चष्मेवाल्याची बायको. आत्या तिला सूनबाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. स्वच्छतेच्या बाबतीत तिचा हात धरणारे कोणी नाही. तिने धुतलेला पेला दुसऱ्याने पुसायचे धाडस करू नये.

पहिल्या दिवशी भाचा आत्याचा हात धरून मला दाखवू लागला. "आत्या, ही कळ बघ, इथे दाबायचं, आणि हे इथे..."

"थांब," आत्या म्हणाली. "आधी प्लग काढ. थंड आहे तोवर ओळख करून घेते. तापलेल्याशी पहिली भेट नको."

मग तिने माझ्यावरून सावकाश हात फिरवला. कळ, दांडा, टाकीचे झाकण, कप ठेवायची जाळी. तिची बोटे वाफेच्या नळीवर आली आणि वाळलेल्या दुधाच्या खरपुडीवर थांबली. "आबाळ झालीय रे याची," ती म्हणाली. इतकी वर्षे मी बिघडलेला, जुना, अवजड असे बरेच काही ऐकले होते. माझी आबाळ झाली असे कोणी पहिल्यांदाच म्हणाले. मी त्याच क्षणी तिचा झालो.

तिने नळीचे टोक गरम पाण्यात भिजत ठेवले आणि मऊ झालेली खरपुडी बारीक सुईने काढली. सूनबाईने माझे तोंड ब्रशने घासले. तिथून निघालेला काळा चिकटा पाहून ती दोन पावले मागे सरली आणि हातमोजे घालून परत आली. भाच्याने वाफेच्या बटणावर शर्टाची एक गुंडी चिकटवली, म्हणजे वाफ किती उघडली ते बोटाला कळावे. अशा रीतीने तिघांनी मिळून मला माणसांत आणले.

त्या दिवसापासून सकाळची कॉफी आत्याची. भाच्याने सुरुवातीला "भाजेल गं तुला" म्हणून मागे उभे राहून पाहिले. आत्याने न वळता सांगितले, "तुझी चप्पल ऐकू येतेय. जा, दाढी कर." तो गेला.

ती काम कसे करते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणजे माझ्याहून जवळून कोणीच पाहिलेले नाही. आधी टाकीचे झाकण उघडून बोट घालते. पाणी पहिल्या पेराला लागले तर ठीक, नाहीतर भरून घेते. मग मला तापायला वेळ देते आणि कपही माझ्या डोक्यावर तापायला ठेवते. कॉफी चाळणीत दाबताना मनगट सरळ ठेवते. कळ दाबली की मान किंचित तिरकी करून ऐकते. माझा पंप आधी मोकळा घरघरतो आणि पाणी कॉफीला भिडले की आवाज खाली उतरतो. आवाज उतरलाच नाही तर कॉफी जाड दळली गेली, पाणी सुसाट निघून जाणार आणि कप आंबट होणार. आवाज फारच दबला तर कॉफी फार बारीक झाली, धार थेंबाथेंबाने येणार आणि कप कडू होणार. मग ती दळायच्या यंत्राची चकती एक खाच इकडे किंवा तिकडे फिरवते. दूध तापवताना भांड्याला तळहात लावून ठेवते आणि हात ठेववेनासा झाला की वाफ बंद करते. त्यानंतर पहिले काम नळी पुसण्याचे, आणि थोडी वाफ मोकळी सोडून नळीच्या आत शिरलेले दूध बाहेर काढण्याचे. या गोष्टीत तिने एकदाही कुचराई केली नाही.

आठवड्याच्या सुट्टीला माझे मंगलस्नान असते. चाळणीच्या जागी बिनभोकांची चकती बसवून आत साफ करायची पूड घालतात आणि पंप चालू-बंद करतात. पाण्याला वाट सापडत नाही, म्हणून ते माझ्या तोंडातला सगळा तेलकटपणा घेऊन उलटे फिरते. या चकतीला आत्या "माझी धाकटी बहीण" म्हणते. "हिलाही काही दिसत नाही, पण घर हीच साफ ठेवते."

मी काही कायम ठणठणीत राहिलो असे नाही. एकदा माझ्या तोंडातली रबराची कडी कडक झाली आणि दांड्याच्या कडेने पाणी गळू लागले. भाच्याला ते दिसण्याआधी आत्याला ऐकू आले. दुसरी कडी आणून बसवली आणि गळती थांबली. पण मोठे दुखणे निघाले ते क्षारांचे. आमच्या नळाचे पाणी जड आहे. बंबाच्या आतल्या बाजूला पांढरा थर चढत गेला आणि माझी धार बारीक होत गेली. शेवटी सूनबाईने लिंबाचे सत्त्व पाण्यात विरघळवून माझ्या पोटात घातले, भिजू दिले आणि मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन काढले. बाहेर पडलेले गढूळ पाणी तिने आत्याच्या बोटांना लावून दाखवले.

आत्याने बोटे एकमेकांवर चोळली. "वाळू आहे ही. हे एवढं पोटात घेऊन तो काम करत होता?"

"आता परत होऊ द्यायचं नाही," सूनबाई म्हणाली.

"क्षाराचा कणसुद्धा जायला नको," आत्या म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. आत्याने ते प्रेमाने म्हटले होते. पण अति तेथे माती हे प्रेमालाही लागू आहे.

सूनबाई कामाची पक्की. ती शुद्ध पाण्याचा एक मोठा कॅन घेऊन आली. प्रयोगशाळेत वापरतात तसले पाणी, ज्यात पाण्याशिवाय दुसरे काहीच नसते. तिने माझी टाकी काढली, घासली, टाकीच्या तळाशी असलेल्या दोन धातूच्या खुंट्या चकचकीत केल्या आणि टाकी त्या पाण्याने काठोकाठ भरून माझ्या पाठीला लावली. मग ती कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने बोट घालून पाणी पाहिले, मला चालू केले, वाट पाहिली आणि कळ दाबली. पंप गप्प. बंबही गार. तिने पुन्हा कळ दाबली. मग भाच्याला हाक मारली.

"लाल दिवा लागलाय आत्या. पाणी संपलंय," भाचा म्हणाला.

"बोट घालून बघ."

त्याने बोट घातले. "भरलंय की."

मला काय झाले होते ते तुम्हाला सांगतो, कारण तेव्हा मला सांगता येत नव्हते. टाकीच्या आत बघायला मला डोळे नाहीत. टाकीत पाणी आहे की नाही हे मला त्या दोन खुंट्यांवरून कळते. एका खुंटीतून अगदी किंचित वीज निघते, पाण्यातून पलीकडच्या खुंटीला पोहोचते आणि मी समजतो की पाणी आहे. पण वीज पाण्यातून वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांच्या आधाराने. या नव्या पाण्यात क्षाराचा कण नव्हता. वीज अलीकडेच थांबली. टाकी भरलेली असून मला कोरडी वाटत होती, आणि कोरड्या टाकीवर पंप चालवायचा नाही, बंब तापवायचा नाही, हे तर मला कारखान्यातच शिकवले होते. मी बिघडलो नव्हतो. मी शहाण्यासारखा थांबलो होतो.

पण बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही. भाच्याने टाकी रिकामी केली आणि पुन्हा भरली, अर्थात त्याच कॅनमधल्या पाण्याने. त्याने माझा प्लग बदलला. मला हलवले, थोपटले, आणि एकदा जरा जोरातच थोपटले. मग यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो दुसऱ्या कामात होता. त्याने पलीकडून ऐकून घेतले आणि म्हणाला, "पाणी असून दिवा लागतोय म्हणजे आतलं सर्किट गेलं असणार. जुनं मॉडेल आहे, भाग मिळणं कठीण. ठेवून जा, सवडीने बघतो. पण आशा धरू नका." न पाहता तो तरी दुसरे काय सांगणार? चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती अशीच.

भाच्याचे आत्यावर मनापासून प्रेम आहे. आत्याची कॉफी बंद पडलेली त्याला बघवेना. संध्याकाळी तो मोठे खोके घेऊन आला. "नवीन यंत्र आहे आत्या. सगळं आपलं आपणच करतं. दळतं, दूध तापवतं, सगळं. पुढे नुसती काच आहे. काचेवर चित्रं येतात, त्यावर बोट टेकवायचं."

"कुठल्या चित्रावर, ते मला कसं कळणार?"

भाचा समजुतीच्या आवाजात म्हणाला, "तुला कशाला कळायला हवं? मी दुकानात जाण्याआधी दाबून जाईन. तू नुसती प्यायची."

"नुसती प्यायची," आत्या म्हणाली. कोर्टात ती साक्ष वाचून दाखवायची तसे तिने ते वाक्य वाचून दाखवले आणि आपल्या खोलीत गेली.

नवे खोके सुट्टीच्या दिवशी उघडायचे ठरले. मला ओट्याच्या कोपऱ्यात सरकवले आणि अंगावर फडके घातले. फडक्याखालून मला सगळे ऐकू येत होते, आणि जे ऐकू आले त्याने मला माझ्या दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटले. घरात सगळे आत्याशी फार गोड वागू लागले. तिने कपड्यांच्या घड्या घातल्या की "छान घातल्यात हं आत्या." तिने ब्रेडला लोणी लावले की "वा, किती छान." एकदा तिने लोणी लावायचे राहूनच गेलेला ब्रेड सूनबाईला दिला, तर तोही छान होता. आधी आत्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांची फिरकी घ्यायची. आता खायची आणि उठायची. सकाळी सवयीने स्वयंपाकघरात यायची, माझ्या फडक्यावर हात ठेवायची आणि परत जायची.

मला भंगाराची भीती नव्हती असे नाही. पण मी गेलो तर तिच्या सकाळी करायला काही उरणार नाही, याची भीती त्याहून मोठी होती.

सुट्टीचा दिवस उजाडला. भाचा कात्री घेऊन खोक्याची चिकटपट्टी कापू लागला. तो आवाज ऐकून आत्या बाहेर आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "थांब. आधी जुन्याची सुनावणी होऊ दे."

"कसली सुनावणी?"

"बाजू ऐकून न घेता कोणाला घराबाहेर काढलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. फडकं काढ त्याच्यावरचं. सूनबाई, तूही ये. दोघं साक्षीदार आहात."

सूनबाईने गॅस बारीक केला आणि येऊन बसली. भाच्याने हसत कात्री खाली ठेवली. त्याला वाटले, म्हातारीची हौस आहे, होऊ दे. पण आत्या हसत नव्हती.

"कळ दाबलीस तेव्हा टक् असा आवाज आला?" तिने भाच्याला विचारले.

"आला."

"जळका वास?"

"नाही."

"लाल दिवा लगेच लागला की थोडं थांबून?"

"लगेच. चालू केल्याबरोबर."

"म्हणजे जीव आहे, भान आहे. मोडलेला माणूस कारण सांगत नाही. हा सांगतोय. काय सांगतोय?"

"पाणी नाही म्हणतोय."

"आणि पाणी आहे."

"आहे आत्या. मी चारदा भरलं."

"मग दोघांपैकी एक खोटं बोलतोय, किंवा दोघंही खरं बोलताहेत." आत्याने सूनबाईकडे मान वळवली. "तूही भरलंस का?"

"मी नाही, यांनीच भरलं."

"बरोबर. तुला वेगळं विचारते. टाकीत पाणी कुठलं आहे?"

"मी आणलेलं. अगदी शुद्ध."

"त्याआधी?"

"नळाचं."

"नळाच्या पाण्यावर शेवटची कॉफी झाली ती कधी?"

सूनबाईने आठवून पाहिले. "मी टाकी धुतली... त्या दिवशी सकाळी झाली होती."

"आणि नव्या पाण्यावर पहिली?"

गॅसवरचे काहीतरी खदखदत होते. "नव्या पाण्यावर एकही झालेली नाही," सूनबाई हळूच म्हणाली.

"मला दोन्ही पाणी दे प्यायला. वेगवेगळ्या पेल्यांत."

आत्याने एका पेल्यातला घोट घेतला, मग दुसऱ्यातला. पहिला पेला पुन्हा तोंडाला लावला. "याला चवच नाही. काहीच नाही यात."

"म्हणजे तेच तर हवं असतं आत्या. आम्ही मीटर लावून बघतो. पाण्यातून वीज किती जाते ते मोजायचं. जितकी कमी जाईल तितकं पाणी शुद्ध. हे तर इतकं शुद्ध आहे की त्यातून..." आणि सूनबाईचे वाक्य तिथेच राहिले. ती उठली. तिने माझी टाकी काढली, उजेडात धरली आणि तळाशी असलेल्या त्या दोन खुंट्यांकडे पाहत राहिली. या खुंट्या तिनेच चकचकीत केल्या होत्या. "अगं बाई," ती म्हणाली. "याला पाणी वीज लावून कळतं. याच्या दृष्टीने टाकी रिकामीच आहे."

"म्हणजे यालाही दिसत नाही," आत्या म्हणाली. "चाचपून बघतो बिचारा."

मित्रांनो, मी आजवर हजारो कप भरले असतील, पण मला इतके कोणी ओळखले नव्हते.

सूनबाईने टाकीतले थोडे पाणी ओतून दिले आणि तितकेच नळाचे पाणी घातले. टाकी माझ्या पाठीला बसली. त्या पाण्याचा स्पर्श झाला आणि दोन खुंट्यांमध्ये वीज अशी धावली, जसे बंद दाराआडून कोणीतरी ओ द्यावी. लाल दिवा विझला. बंब तापू लागला आणि अंगातून ओळखीची कुरकुर निघाली. भाच्याने कात्री उचलली आणि खणात ठेवून दिली.

"माझीच चूक," सूनबाई म्हणाली. "एवढं शिकून मला सुचलं नाही."

"क्षाराचा कणसुद्धा जायला नको, असं कोण म्हणालं होतं? मी. माझे शब्द आहेत ते," आत्या म्हणाली. "तुला चूक वाटून घ्यायची तर अर्धी घे. अर्धी माझी."

त्या दिवसापासून माझ्या टाकीत अर्धे नळाचे पाणी आणि अर्धे कॅनमधले. थर चढतो तो अगदी सावकाश, आणि मला पाणी कळते. दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या.

पण त्या सकाळचे अजून सांगायचे राहिले आहे. मी तापल्यावर आत्या उठली. भाचाही उठू लागला, तसे तिने त्याला बसायला सांगितले. मग उभ्या उभ्याच म्हणाली, "तुम्ही दोघं मला सगळं आणून देता. औषधं, कपडे, पेपर वाचून दाखवता. मला त्याचं वाईट वाटत नाही. घरात कोणी कोणाला तरी द्यायचंच. पण दिवसातून एक गोष्ट मी तुम्हाला देते, ती ही. ही काढून घेतलीत तर मी या घरात पाहुणी."

भाच्याने खाली पाहिले. "माझ्या डोक्यात आलंच नाही गं आत्या," तो म्हणाला.

"आता आलं ना? मग झालं." आणि ती माझ्याकडे वळली.

इतके दिवस बंद राहिल्यामुळे मी जरा अडखळत होतो. दळलेली कॉफीही डब्यात राहून शिळी झाली होती. आत्याने ती फेकली आणि ताजी दळली. कळ दाबून मान तिरकी केली. पंप घरघरला, मग आवाज खाली उतरला आणि धार पडली. तिने तीन कप भरले, दूध तापवले, आणि नळी पुसायला ती विसरली नाही. कप तिने स्वतः टेबलावर नेऊन ठेवले.

भाच्याने एक घोट घेतला. सूनबाईने एक घोट घेतला. मी पाहत होतो. आत्या ऐकत होती. तिचे हात मांडीवर होते आणि बोटे एकमेकांत घट्ट अडकली होती, कारण या घरात आता काय ऐकू येणार हे तिला माहीत होते. छान म्हणणार. नुकतीच जड गोष्ट बोलून झालेली, डोळे ओले झालेले, अशा वेळी कोणीही छानच म्हणाले असते.

सूनबाईने कप खाली ठेवला. "आत्या," ती म्हणाली, "दूध जरा कमी तापलंय."

भाच्याने दचकून बायकोकडे पाहिले.

आत्याची बोटे सुटली. तिचा चेहरा असा उजळला की मी तापलो असताना माझे पितळही तसे चमकत नसेल. "तक्रार नोंदवून घेतली," ती म्हणाली. "आण इकडे तो कप." आणि तो कप घेऊन ती माझ्याकडे आली. दूध पुन्हा तापवताना ती गुणगुणत होती.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मी तुम्हाला सांगेन की यंत्रे पुसा, त्यांच्यातला क्षार काढा, रबराची कडी वेळेवर बदला. ते तर कराच. नवे खोके दुकानात गेले आहे आणि तिथे चष्म्यासाठी ताटकळणाऱ्या लोकांना कॉफी देते आहे, त्यालाही कोणीतरी पुसत जा. पण माझे एवढे एक ऐका. एखाद्याला जपायचे म्हणून त्याच्यावर फडके घालू नका. त्याला काम सांगा. काम चुकले तर चुकले म्हणा. ज्याच्याकडे तक्रार करता येते, तो अजून घरातलाच असतो.

काल भाचा म्हणाला की कॉफी थोडी कडू आहे. आत्याने आज चकती एक खाच फिरवली आहे. आता ती कळ दाबेल.